ठळक अक्षरातला टीएसएच

रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच या थायरॉइडसाठी केल्या जाणाऱ्या चाचणीसमोर ६.२ हा आकडा ठळक अक्षरात येतो, शेजारी वर जाणारा एक बाण असतो, आणि तेवढ्यावर त्या माणसाला 'थायरॉइड आहे' असं ठरून जातं. चाचणी का केली होती, हे पुढे बहुतेकांना आठवतही नाही. कुणी केस गळतात म्हणून केलेली असते, कुणी वजन उतरत नाही म्हणून, आणि कुणाची तर भल्या मोठ्या पॅकेजमध्ये न विचारताच होऊन गेलेली असते. नंतरचं मात्र सगळ्यांचं सारखंच: सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी, आणि वर 'ही आता कायमची' असा दिलासा की इशारा, जे काय असेल ते.

माझं म्हणणं असं आहे की, टीएसएच थोडासाच वाढलेल्या प्रौढ माणसाला एका रिपोर्टच्या जोरावर जन्मभराची गोळी लावणं चूक आहे. आणि गोळी घेऊनही ज्याचा त्रास संपलेला नाही, त्याला 'तुमचा टीएसएच नॉर्मल आला, आता काही नाही' असं सांगून वाटेला लावणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे. वरवर पाहता एकीकडे औषधाची घाई दिसते, दुसरीकडे औषधाबद्दलची बेफिकिरी. पण दोन्हीकडे घडतं ते एकच. जे माणसाला विचारायचं, ते आकड्याला विचारलं जातं.

हे म्हणताना त्या गोळीतल्या थायरॉइड हार्मोनचं, थायरॉक्सिनचं, मोल कमी लेखायचं नाही. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथल्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, बोलणं जड, हालचाली मंदावलेल्या, सतत थंडी वाजणारी; या अवस्थेला तेव्हा नुसतं नाव होतं, उपाय नव्हता. ती बाई सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयारही होऊ लागलं. शरीरात जे कमी पडतं तेच तोंडावाटे द्यायचं आणि माणूस पूर्ववत करायचा, अशी इतकी स्वच्छ उदाहरणं वैद्यकात फार नाहीत. जन्मतःच थायरॉइड नीट काम करत नसलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत औषध मिळालं तर त्याची बुद्धी वाचते, उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. १९७४ पासून, क्यूबेकमधल्या कामापाठोपाठ, नवजात बाळांची ही तपासणी अनेक देशांत रुजली, आणि तिच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

ग्रंथीचं काम खरोखर सर्वांगाला पुरतं. ती मुख्यतः टी-४, म्हणजेच थायरॉक्सिन, सोडते. शरीरातल्या पेशी गरजेप्रमाणे त्यातला आयोडीनचा एक अणू काढून त्याचं टी-३ करतात, आणि हे टी-३ पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुकं किती चालायची ते ठरवतं. म्हणूनच ते कमी पडलं की नाडी मंदावते, आतडी सुस्तावतात, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, पाळी अंगावर जास्त जाते, मन खचतं. जास्त झालं की छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, वजन झरझर उतरतं. एकाच रसायनाचा इतक्या अवयवांशी संबंध असल्यामुळे एक अडचणही होते: अंगाला होणाऱ्या जवळजवळ कुठल्याही त्रासाची जबाबदारी थायरॉइडवर टाकता येते. आणि टाकली जाते.

आता टीएसएच. हे मुळात थायरॉइडचं हार्मोनच नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते सोडते, थायरॉइडला कामाला लावण्यासाठी. रक्तात थायरॉक्सिन कमी झालं की पिट्युटरी आवाज चढवते, पुरेसं झालं की उतरवते. म्हणजे टीएसएच मोजतो तेव्हा आपण काम किती झालं ते मोजत नाही. कामगाराला किती मोठ्यानं हाक मारावी लागते आहे, ते मोजतो. पिट्युटरी हाका मारण्यात भलतीच हळवी आहे. टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच सुमारे शंभर पटीनं वाढू शकतो. या हळवेपणामुळेच ही चाचणी इतकी उपयोगाची ठरली, कारण ग्रंथी थकायला लागल्याची खूण ती फार लवकर देते. पण त्याच हळवेपणामुळे, शरीराला अजून काहीही कमी पडलेलं नसताना आकडा ६ किंवा ७ दिसू शकतो. टी-४ नॉर्मल आणि टीएसएच तेवढा वाढलेला, या स्थितीला डॉक्टर 'सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम' म्हणतात; हायपोथायरॉइडिझम म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडणं. माझा सगळा वाद याच पट्ट्याबद्दल आहे, साधारण ४.५ ते १० या दरम्यानचा.

(उलटी गोष्टही आहे. पिट्युटरीच आजारी असेल तर हाकच निघत नाही. टी-४ तळाला, आणि टीएसएच रिपोर्टवर अगदी शहाण्यासारखा नॉर्मल. नुसत्या टीएसएचवर विसंबणाऱ्याला हा रोगी दिसतच नाही.)

मर्यादा ०.४ ते ४.५ अशी काहीतरी छापलेली असते. ती आली कुठून? निरोगी मानलेल्या पुष्कळ लोकांचं रक्त तपासायचं, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे आणि मधले पंचाण्णव टक्के म्हणजे नॉर्मल. व्याख्येनंच, शंभर निरोगी माणसांपैकी दोन-तीन जण वरच्या रेषेपलीकडे असणार. त्यातून वय वाढेल तसा टीएसएच आपसूक वर सरकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत ऐंशीच्या पुढच्या, थायरॉइडचा आजार नसलेल्या लोकांची वरची मर्यादा ७.५ च्या आसपास निघाली. म्हणजे पंचविशीतल्या मुलीला लावलेली फूटपट्टी पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांना लावली तर आजोबा रोगी ठरतात. त्यांचं काही बिघडलेलं नसतं. बहुतेक लॅब आजही एकच मर्यादा छापतात, आणि ठळक अक्षर वय बघत नाही.

शिवाय हा आकडा एका जागी बसत नाही. रात्री तो चढतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून माणूस उठत असताना काही दिवस तो वीसपर्यंतही जाऊ शकतो आणि मग स्वतःहून खाली येतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांचा तर रिपोर्टच फसवा येऊ शकतो: काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी आणि टी-३, टी-४ खोटेच जास्त दिसतात, आणि धडधाकट माणसाला थायरॉइड वाढल्याचं निदान चिकटतं. म्हणून चाचणीआधी निदान दोन दिवस ती गोळी थांबवायला सांगतात. सांगणारा भेटला तर. सौम्य वाढलेला टीएसएच काही न करता कालांतरानं पुन्हा रेषेच्या आत येतो, असं तर अर्ध्याहून अधिक लोकांच्या बाबतीत दिसलेलं आहे. यातल्या कुणालाही पहिल्या रिपोर्टवर गोळी सुरू झाली असती, तर नंतरच्या नॉर्मल आकड्याचं श्रेय गोळीनं घेतलं असतं, आणि 'बघा, गोळी लागू पडली, आता बंद करू नका' हेही ठरून गेलं असतं. एकदा सुरू झालेली गोळी स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते, हे मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत घातक अंग वाटतं.

बरं, पण गोळीनं बरं वाटत असेल तर? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तपासून पाहिलेलं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रस्ट' नावाच्या युरोपीय चाचणीत सबक्लिनिकल गटातल्या, पासष्ट आणि त्यापुढच्या ७३७ लोकांपैकी काहींना लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं थायरॉक्सिन, दिलं आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुरुवातीला सगळ्यांचा सरासरी टीएसएच ६.४ होता. वर्षभरानं औषध घेणाऱ्यांचा ३.६ वर आला, दुसऱ्यांचा ५.५ वर राहिला. आणि थकवा, मंदपणा, बाकीच्या तक्रारी? दोन्ही गटांत फरक नाही. आकडा सुधारला, माणूस होता तिथेच राहिला. पुढच्या वर्षी अशा २१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी चित्र तेच होतं, आणि २०१९ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या एका गटानं, ज्यात रुग्णही होते, बहुतेक प्रौढांना या स्थितीत गोळी देऊ नये अशी ठाम शिफारस केली. गरोदर राहू पाहणाऱ्या स्त्रिया, तिशीच्या आतली माणसं, तीव्र तक्रारी असलेले आणि टीएसएच विसाच्या वर असलेले रुग्ण त्यांनी त्यातून वगळले.

सगळे तज्ज्ञ याच्याशी सहमत आहेत असं नाही. अनेक जण १० ही रेषा मानतात, कारण त्यापुढे हृदयविकाराचा धोका वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसतं. मलाही १० चीच रेषा शहाणपणाची वाटते. आणखी एक गोष्ट गोळीच्या बाजूनं बोलते ती म्हणजे अँटीबॉडी. स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उठलेली असेल, म्हणजे १९१२ साली हाशिमोतो यांनी वर्णन केलेला आजार असेल, तर ग्रंथी पुढे थकण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या व्हिकम इथल्या लोकांचा वीस वर्षं मागोवा घेतला तेव्हा दिसलं की टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के खऱ्या हायपोथायरॉइडिझमकडे गेल्या. हे नियमित लक्ष ठेवायला सांगणारं कारण आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, कुठलंही एक वर्ष घेतलं तर शंभरातल्या पंचाण्णव जणी तिथे पोहोचत नाहीत.

'गोळी साधीच तर आहे, घेतली म्हणून काय बिघडलं?' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. शरीराचंच हार्मोन आहे हे खरं, पण शरीराचं हार्मोन जास्त झालं की तोही आजारच. डोस थोडा वर गेला की टीएसएच दाबला जातो. साठीच्या पुढच्या लोकांमध्ये टीएसएच ०.१ च्या खाली राहिला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो, असं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासानं १९९४ सालीच दाखवलं. या आजारातून पक्षाघात होऊ शकतो. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात. आणि डोस वर जाणं हा अपवाद नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पंचवीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली, त्यात थायरॉइडचं औषध घेणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांचा टीएसएच मर्यादेबाहेर होता; कुणाचा वर, कुणाचा खाली. ज्याला औषधाची गरज आहे त्यानं हा धोका सांभाळून घ्यायचाच असतो. ज्याला गरजच नाही, त्यानं का घ्यावा?

पण मला याहून मोठा तोटा वेगळाच वाटतो, आणि तो कुठल्याही चाचणीत मोजला जात नाही. 'थायरॉइड' हे उत्तर मिळालं की शोध थांबतो. थकवा, वजन, केस, उदासी, बद्धकोष्ठता यांतलं एकही लक्षण थायरॉइडच्या मालकीचं नाही. रक्तातलं लोह कमी, बी-१२ कमी, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, रजोनिवृत्तीचा काळ, मधुमेह, किंवा नुसती अखंड ओढाताण, यांतलं कुणीही तीच लक्षणं देईल. टीएसएच ६ असलेली, दमून गेलेली बाई गोळी घेत वर्ष काढते, आकडा ३ वर येतो, दमणं तसंच राहतं. आणि त्या वर्षात तिचं हिमोग्लोबिन मात्र कुणी नीट बघितलेलं नसतं. वजनाचंही तसंच. खऱ्या, चांगल्या मोठ्या हायपोथायरॉइडिझममध्येसुद्धा वाढलेलं वजन साधारण दोन ते साडेचार किलो, तेही बरंचसं मीठ-पाण्याचं. वीस किलोंचा हिशेब थायरॉइडवर मांडणं म्हणजे खऱ्या कारणाला मोकळं सोडणं.

आता दुसरी बाजू. गोळी घेणाऱ्यांपैकी पाच ते दहा टक्के लोक टीएसएच उत्तम असूनही तक्रार करत राहतात. त्यांच्याशी वैद्यक फारसं चांगलं वागलेलं नाही. 'मनाचं आहे' हे तर ठरलेलं वाक्य. १९७० मध्ये असं सिद्ध झालं की, ग्रंथी नसलेल्या माणसाचं शरीरही टी-४ चं टी-३ करून घेतं, त्यामुळे एकटं टी-४ देणं पुरेसं मानलं गेलं; पुढे टीएसएच मोजणं सोपं झालं आणि डोस त्यावरून ठरू लागला. त्याआधी डोस पुष्कळ मोठे असत आणि अनेकांची हृदयं त्याखाली धावत असणार, तेव्हा हा बदल चांगलाच झाला. पण टीएसएच पिट्युटरीचं समाधान सांगतो. स्नायूंत, मेंदूत टी-३ पुरेसं बनतं आहे का, हे तो सांगेलच असं नाही. ग्रंथी काढलेल्या काही रुग्णांच्या रक्तात टीएसएच नॉर्मल असताना टी-३ खालच्या बाजूला राहतं, हेही नोंदलं गेलेलं आहे. टी-४ सोबत टी-३ देऊन केलेल्या चाचण्यांत सरासरी फायदा दिसलेला नाही, मात्र काही रुग्णांना ही जोडी अधिक मानवते. युरोपियन थायरॉइड असोसिएशननं २०१२ साली मधला मार्ग सांगितला: बाकीची कारणं तपासून झाल्यावर, निवडक रुग्णांवर, देखरेखीखाली तीन महिने वापरून पाहावं, फरक नसेल तर थांबवावं. मला हे प्रामाणिक उत्तर वाटतं. माहिती अपुरी आहे हे मान्य करूनही माणसाचं म्हणणं ऐकता येतं, हे त्यातून दिसतं.

ऐकलं गेलं नाही की हा माणूस कुठे जातो, ते आपण पाहतोच. 'नॉर्मल वेगळं, ऑप्टिमल वेगळं' म्हणत टीएसएच १ वर आणून देण्याची हमी देणारे, आयोडीनचे थेंब आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या विकणारे त्याची वाटच पाहत असतात. आयोडीन जास्त झालं तर थायरॉइड थंडही पडू शकतो आणि भडकूही शकतो, ही गोष्ट त्या बाटलीवर नसते. गंमत अशी की हे लोकही आकड्याचीच पूजा करतात. फक्त त्यांचा आकडा वेगळा आहे.

मग व्हावं काय? सौम्य वाढीचा पहिला रिपोर्ट आला, तर दोन-तीन महिन्यांनी तोच टीएसएच, सोबत फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) आणि अँटीबॉडी, इतकं पुन्हा पाहिल्याशिवाय गोळी सुरू होऊ नये. तक्रारी नसलेल्या माणसाच्या सरसकट पॅकेजमधून ही चाचणी वगळावी. अशा चाळणीचा फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृती दलानंही २०१५ मध्ये म्हटलं आहे. लॅबनी वयानुसार मर्यादा छापाव्यात. हे एका संगणकाच्या दुरुस्तीइतकं काम आहे. आणि प्रिस्क्रिप्शनवर गोळीच्या नावाखाली दोन ओळी असाव्यात: ही का सुरू केली, आणि ती लागते की नाही हे पुन्हा कधी तपासायचं. दहा वर्षं गोळी घेणाऱ्याला 'का' विचारलं तर पुष्कळदा उत्तर मिळत नाही, कारण सुरुवातीचा रिपोर्ट हरवलेला असतो आणि सुरू करणारा डॉक्टरही बदललेला असतो. तो जुना आकडा सापडला आणि ५.८ निघाला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी करून, सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून बघता येतं. इतके आठवडे थांबायचं कारण असं की लेव्होथायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायलाच एक आठवडा घेतं, आणि त्याआधी केलेली चाचणी जुन्या डोसबद्दल बोलते.

हे वाचून कुणी उद्या सकाळची गोळी टाळू नये, म्हणून एवढं स्पष्ट लिहितो. ज्यांची ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढली आहे किंवा किरणोत्सारी आयोडीननं निकामी केली आहे, ज्यांचं टी-४ खरोखर कमी निघालं होतं, ज्यांचा टीएसएच दहाच्या वर होता, त्यांच्यासाठी ती गोळी मरे यांच्या त्या रुग्णाइतकीच गरजेची आहे. गरोदरपणात तर हा डोस पाव ते निम्म्यानं वाढवावा लागतो, तोही पहिल्या आठवड्यांतच, कारण सुरुवातीचे सुमारे तीन महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढत असतं. अशा स्त्रीनं दिवस राहिल्याचं कळताच पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा असतो.